टबात म्हणे, टबात!

ऐकलंत का? नाही? मग एक तर तुम्ही कुर्ल्यात राहत नाही, किंवा राहता पण आमच्या पाचव्या मजल्यावरच्या काकूंशी तुमचं बोलणं बंद आहे. काकूंच्या भाचीला सातवा लागला, ही बातमी शिळी. ताजी बातमी अशी की भाची पाण्यात बाळंत होणार आहे. बाळंतपण माहेरी की सासरी यावरून दोघी विहिणी अजून फुरंगटून बसलेल्या असताना पोरीने तिसराच पत्ता दिला : टब. कोमट पाण्याने भरलेला, माणूस आरामात मावेल एवढा टब. त्यात बसून कळा सोसायच्या, त्यातच मूल जन्माला घालायचं, आणि वर या सगळ्याचे पैसे आपणच भरायचे!

बातमी जिना उतरता उतरता वाढत गेली. दुसऱ्या मजल्यावर टबाचा स्विमिंग पूल झाला आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यात डॉक्टरसुद्धा पोहायला उतरले. पण आमच्या नेहरूनगरात ज्याने त्याने बातमी ऐकून विचारलेला पहिला प्रश्न एकच होता. "तिकडे पाणी किती वाजता येतं?"

प्रश्न वेडगळ नाही. आमचं आणि पाण्याचं कधी जमलेलंच नाही. हवं तेव्हा ते नळाला येत नाही आणि नको तेव्हा रुळांवर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी न विचारता कुर्ल्याच्या घराघरांत येऊन बसली. तेव्हापासून "पाण्यात" हा शब्द इथे कुणी लाडाने उच्चारत नाही. पश्चिमेला एका रस्त्याचं नावच पाइप रोड आहे. पाइप कुठे आहे ते त्यावरून कळतं, नळाला पाणी कधी येईल ते कळत नाही.

काकूंच्या मोठ्या जाऊबाईंनी तर कपाळालाच हात लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना गार पाण्यात बोट बुडवू देत नाहीत. कानाला कापूस, डोक्याला फडकं, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि प्यायला दिलेलं पाणीसुद्धा बाळंतशोपा घालून उकळलेलं. पाण्याशी एवढं हाडवैर सांभाळलेल्या घरातली पोर गळ्याएवढ्या पाण्यात बसून बाळंत होणार म्हणजे काय? अंगात वारं नाही का शिरणार?

मला मात्र जाऊबाईंचीच गंमत वाटली. दोन महिन्यांपूर्वी याच भाचीचं नावेतलं डोहाळजेवण यांनी हौसेने केलं होतं. थर्माकोलची नाव, तिला झेंडूच्या माळा, खाली निळ्या साटीनच्या लाटा, हातात धनुष्यबाण, आणि फोटोग्राफर सांगतोय, "ताई, जरा लांब क्षितिजाकडे बघा." क्षितिजाकडे एसटी डेपोची भिंत होती, ते सोडा. नाव चालते, लाटा चालतात, साटीनच्या जागी खरं पाणी आलं की मात्र संस्कृती बुडते.

यावर तळमजल्यावरच्या अण्णांनी महाभारत काढलं. अण्णा निवृत्त आहेत आणि त्यांना वेळ आहे. ते म्हणाले, बाळं आणि पाणी या बाबतीत आपल्याकडचा अनुभव काही फार चांगला नाही. गंगेने सात पोरं पाण्यात सोडली. कुंतीने कर्णाला पेटीत घालून पाण्यात सोडलं. एक कृष्ण तेवढा यमुनेतून धड पलीकडे पोचला, आणि तोही टोपलीतून, वसुदेवाच्या डोक्यावरून. पाण्यात नव्हे, पाण्याच्या वरून! सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रकरण तिथेच निकालात निघालं असतं, पण भाची स्वतःच मावशीकडे आली आणि मोबाइल उघडून बसली.

हे खूळ आलं कुठून, तर अर्थातच त्या मोबाइलमधून. ब्रुना अब्दुल्ला या अभिनेत्रीने २०१९ मध्ये आपली मुलगी पाण्यात जन्मल्याचं जगाला सांगितलं, फोटोसकट. फेब्रुवारी २०२० मध्ये कल्की केकलाला मुलगी झाली, तीही पाण्यात. झालं. सिनेमातल्या बाईने दागिना घातला की पंधरवड्यात कुर्ला स्टेशनबाहेर त्याची नक्कल टांगलेली असते. बाळंतपणाची नक्कल टांगता येत नाही म्हणून एवढी वर्षं लागली, इतकंच.

आणि बाळंतपणातली खुळं आपल्याला नवी आहेत का? गर्भसंस्काराच्या सीडी ऐकवून झाल्या. पोटावर हात ठेवून, उन्हाकडे पाठ करून फोटो काढून झाले. ज्योतिषाला विचारून सकाळी नऊ सत्तेचाळीसचं सिझर करवून घेणारी मंडळी तर याच इमारतीत आहेत, आणि त्यांच्या मुलाची पत्रिका इतकी उत्तम आहे की तो अजून दहावीला बसतोच आहे. पोट ठरलेल्या मुहूर्तावर फाडलं तर ती श्रद्धा, आणि कुणी कोमट पाण्यात बसते म्हणाली तर ते खूळ. बरं.

भाचीने मग इतिहास सांगायला घेतला, आणि तो ऐकून आमच्या बायका जास्तच चेकाळल्या. पाण्यातल्या बाळंतपणाची पहिली छापील नोंद फ्रान्समधली, १८०५ सालची. एक बाई अठ्ठेचाळीस तास कळा देऊन थकली, गरम पाण्याच्या टबात जाऊन बसली आणि तिथेच मोकळी झाली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मग १९७७ च्या सुमारास त्याच फ्रान्समध्ये, पिथिव्हिए नावाच्या लहान गावातल्या सरकारी दवाखान्यात, मिशेल ओदाँ नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या खोलीत एक छोटा तलाव ठेवला. पहिल्यांदा तर मुलांचा फुगवायचा, खेळायचा! हेतू एवढाच की कळा सुसह्य व्हाव्यात. मूल पाण्यात जन्माला घालायचा त्याचा बेत नव्हता. पण काही बायकांना आतून उठावंसंच वाटेना, म्हणून मुलं तिथेच झाली. अशा शंभर जन्मांचा वृत्तांत त्याने १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला आणि मग जगभर बोंब झाली.

ओदाँ निदान डॉक्टर होता. रशियात इगोर चारकोव्स्की नावाचा एक पोहण्याचा मास्तर होता. त्याने हेच प्रकरण थेट काळ्या समुद्रात नेलं. बाई समुद्रात, सोबत डॉल्फिन! डॉल्फिनचं आणि बाळाचं म्हणे आतून काहीतरी जुळतं. आमच्या काकूंनी यावर फक्त एवढंच विचारलं, की डॉल्फिनला बारशाला बोलवायचं का. २०१८ मध्ये इजिप्तच्या दाहाब गावच्या किनाऱ्यावरचे फोटो तर जगभर फिरले. एक म्हातारा गृहस्थ तांबड्या समुद्रातून नुकतं जन्मलेलं मूल छातीशी धरून चालत येतोय आणि मागून कुणीतरी भांड्यात वार घेऊन येतंय. शेजारी पर्यटक उन्हात पडलेले. जुहू चौपाटीवर असं काही झालं तर भेळवाले आधी व्हिडिओ काढतील आणि मग गरम पाणी आणायला धावतील.

"पण पोरी," आतापर्यंत गप्प बसलेल्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "ते लेकरू पाण्यात श्वास नाही का घेणार? बुडेल की ते!"

खरा प्रश्न हाच आणि तो सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने विचारला. त्याचं उत्तर असं. मूल नऊ महिने पाण्यातच असतं. त्याच्या फुप्फुसांतही पाणीच भरलेलं असतं आणि प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो. बाहेर येताच त्याने श्वास घ्यावा यासाठी काही इशारे लागतात. तोंडाला लागलेली हवा, अंगाला लागलेला गारवा, हात लावणं, हाताळणं. कोमट पाण्यात हे इशारे मिळत नाहीत, शिवाय तोंडाशी पाणी असताना घसा आपोआप मिटून घेण्याची नैसर्गिक खोड मुलात असते. म्हणून धडधाकट मूल पाण्याबाहेर येईपर्यंत त्या काही क्षणांत श्वास घेत नाही. इथपर्यंत आजींना पटलं. पण पुढची गोष्ट भाचीच्या मोबाइलमधल्या गोड व्हिडिओंत नव्हती. जे मूल कळांमध्ये गुदमरलेलं आहे, ज्याला नाळेतून पुरेसा प्राणवायू मिळत नाही, ते ही खोड मोडून पाण्यातच आचका देऊन श्वास घेऊ शकतं. म्हणूनच मुलाच्या ठोक्यांवर पाण्यातही चालणाऱ्या यंत्राने नजर ठेवायची असते : कळा जोरात असताना दर पंधरा मिनिटांनी, आणि जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. ठोके बिघडले किंवा पाण्यात मुलाची शी दिसली, तर बाईने निमूटपणे टबाबाहेर यायचं. आणि एकदा मुलाच्या तोंडाला हवा लागली की त्याला परत पाण्याखाली न्यायचं नाही. अगदी फोटोसाठीसुद्धा नाही.

आता जाऊबाईंना एक आशा दिसली. "अगं, मग घरीच कर ना! मोरीत नको, हॉलमध्ये. टब ऑनलाइन मिळतो, तूच दाखवलास." आणि तिथून सगळा जिना हिशेबाला बसला. फुगवायच्या टबात साधारण पाचशे ते साडेसहाशे लिटर पाणी मावतं. सहाशे धरू. महापालिकेच्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५. म्हणजे एका टबात आमच्या इमारतीतल्या चार माणसांचं दिवसाचं पाणी, आणि वस्तीतल्या तेरा माणसांचं. बाकीच्यांनी त्या दिवशी आंघोळ केली नाही तरी चालेल, पण सोसायटीची परवानगी? सेक्रेटरी कुंडीला पाणी घातलं तरी नोटीस काढतात.

मग तापवणं. नळाचं पाणी दहा अंशांनी चढवायचं तर सहाशे लिटरला सुमारे सात युनिट वीज जाते. दोन किलोवॅटचा गीझर साडेतीन तास सलग चालला तर जमेल, पण आमचे गीझर पंधरा लिटरचे, म्हणजे चाळीस खेपा. तोवर पहिल्या खेपेचं पाणी गार. वर सहाशे लिटर पाणी म्हणजे सहाशे किलो वजन, शिवाय बाई, सुईण आणि उत्साही नातेवाईक. म्हाडाच्या जुन्या स्लॅबवर हे सगळं एका कोपऱ्यात एकवटलं तर बाळ पाचव्या मजल्यावर सुरू होऊन चौथ्यावर जन्माला येईल, असं अण्णा म्हणाले. अण्णांनी आयुष्यभर कारखान्यात वजनंच मोजली आहेत, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

आणि पाणी कुठलं? गच्चीवरच्या टाकीतलं? ती टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१४ साली टबात जन्मलेलं एक मूल लेजिओनेला जंतूच्या संसर्गाने सहा दिवसांचं असताना दवाखान्यात दाखल झालं आणि पुढे गेलं. टब विहिरीच्या पाण्याने दोन आठवडे आधी भरून, गरम करून ठेवला होता. या जंतूला साठवलेलं कोमट पाणी फार आवडतं. अॅरिझोनातही २०१६ मध्ये दोन बाळांना हाच संसर्ग झाला. म्हणून टब भरायचा तो आयत्या वेळी, ताज्या पिण्याच्या पाण्याने. आधीपासून भरून, तापवून ठेवायचा नाही, आणि एकदा वापरलेलं पाणी पुन्हा नाही. पाणी चोवीस तास येणाऱ्या देशांसाठी हे नियम लिहिलेले आहेत. आमच्याकडे आयती वेळ पहाटे साडेचारला असते. कळा त्या वेळेला आल्या तर ठीक.

तापमानाची गोष्टही तशीच. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचा दंडक आहे की पाणी साडेसदतीस अंशांच्या वर जाता कामा नये आणि दर तासाला पाण्याचं व आईचं तापमान मोजायचं. कारण पोटातलं मूल आईपेक्षा थोडं गरमच असतं आणि आपली उष्णता ते आईतूनच बाहेर टाकतं. आई तापली की मुलाला पळायला जागा नाही. थंड देशातल्या खोलीत हे सांभाळणं सोपं. मे महिन्यातल्या कुर्ल्यात, जिथे पंख्याखाली बसूनही घाम निथळतो, तिथे साडेसदतीसच्या पाण्यात चार तास बसवलेल्या बाईला कोण, किती वेळा थर्मामीटर लावणार, हे आधी विचारावं.

घरची कल्पना इथेच संपली. जी थोडी उरली होती ती मी संपवली, दोन बातम्या सांगून. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात निसर्गोपचाराच्या नावाखाली पाण्यात केलेल्या बाळंतपणात एक तरुण आई रक्तस्रावाने गेली. तमिळनाडूतल्या तिरुपूरला २०१८ मध्ये यूट्यूब पाहून घरी बाळंत व्हायला गेलेली एक शिक्षिका, तीही रक्तस्रावानेच. यात पाण्याचा दोष शोधत बसू नका. दोन्हीकडे रक्त थांबवणारी माणसं, औषधं आणि पुढची सोय हाताशी नव्हती. पाण्यात तर किती रक्त गेलं याचा अंदाजच येत नाही, कारण वाटीभर रक्तानेही सगळा टब लाल होतो. म्हणून अनुभवी मिडवाइफ वार पडण्याआधी बाईला बाहेर घेते. बाकी आमच्या हलाव पुलापासून सायन हॉस्पिटल नकाशात अगदी जवळ दिसतं. संध्याकाळी सहाला एलबीएस मार्गावरून अँब्युलन्स न्यायची असली की मग नकाशा कुणाच्या कामाचा नाही.

डॉक्टर मंडळींत तरी एकमत आहे का? छे! तिथेही जिनाच आहे, फक्त वरच्या मजल्याचा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या आणि मिडवाइफच्या संघटनांनी २००६ मध्येच मिळून सांगितलं, की धडधाकट, गुंतागुंत नसलेल्या बाईला हवं असेल तर पाणी द्या. अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की कळांच्या पहिल्या टप्प्यात बसू द्या, पण मूल मात्र पाण्याबाहेरच जन्माला येऊ द्या. मला विचाराल तर सगळी मेख या दोन टप्प्यांतच आहे, आणि आमच्या जिन्यात नेमकी तीच कुणाला माहीत नव्हती. कळांमध्ये कोमट पाण्यात बसणं ही गोष्ट बऱ्यापैकी तपासलेली आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा चाचण्या आणि साडेतीन हजारांहून जास्त बायका होत्या. पाण्यात बसलेल्या बायकांना पाठीतून भूल देण्याची गरज थोडी कमी पडली आणि मुलांना जास्त इजा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मूल प्रत्यक्ष पाण्यात होण्याबद्दल पुरावा कमी होता. २०२४ मध्ये ब्रिटनचा मोठा अभ्यास आला. त्याचं नावच पूल. सव्वीस सरकारी आरोग्य संस्था आणि पाणी वापरलेल्या ऐंशी हजारांहून अधिक बायका. जोखीम नसलेल्या बायकांत पाण्यात मूल झाल्याने मोठ्या फाटण्याचं किंवा मुलाच्या गंभीर त्रासाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. नाळ तुटण्याचे प्रकार तेवढे पाण्यात जास्त निघाले, तरी एकूणात क्वचितच. मूल घाईने, झटक्याने वर उचललं आणि नाळ आखूड असली की ती ताणते. म्हणून चिमटा शेजारी तयार हवा आणि हात सावकाश हवा.

"जोखीम नसलेल्या" या दोन शब्दांवर मात्र भाची घसरत होती. बीपी वाढलेलं, साखर बिघडलेली, जुळं, पायाळू, दिवस पूर्ण भरलेले नाहीत, ताप आहे, रक्त जातंय, यांतलं काहीही असलं की टब रद्द. आधीचं सिझर असेल तर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. गुंगी आणणारं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान दोन तास पाण्यात पाय घालायचा नाही. कळा नुसत्या सुरू झाल्या म्हणून धावत जाऊन बसायचंही नाही. फार लवकर बसलं की कळाच मंदावतात. आणि मुलाचा खांदा अडकला किंवा बाईला चक्कर आली, तर तिला त्या निसरड्या टबातून अर्ध्या मिनिटात बाहेर काढायचा सराव तिथल्या माणसांनी केलेला असला पाहिजे. फॉर्ममध्ये लिहिलेला नव्हे, खरोखर, ओल्या फरशीवर, पंचाहत्तर किलोचं माणूस घेऊन केलेला. हे विचारल्यावर एखाद्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट नुसती हसली आणि पॅकेजचा फोटो पाठवते म्हणाली, तर तिथे टब आहे पण बाळंतपण नाही असं समजावं.

आपल्या देशात हे नीट करणारी ठिकाणं आहेत. कोचीचं बर्थव्हिलेज, हैदराबादचं सँक्टम, अशा केंद्रांत कारभार मिडवाइफच्या हाती असतो. पण ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांचं बिल बोटांवर मोजता येत नाही. भाचीने आकडा सांगितला तेव्हा काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात बारसं, पाळणा, बाळंतविडा आणि जावळ धरून सगळं झालं असतं म्हणे.

मी तिला विचारलं, "तुला नक्की काय हवंय गं? टब?"

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने जे सांगितलं त्यात पाणी शेवटी आलं. तिला दार बंद होणारी खोली हवी होती. कळांमध्ये उताणं झोपून राहायचं नव्हतं, चालायचं होतं, वाकायचं होतं. एकच बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत हवी होती, दर आठ तासांनी नवा चेहरा नको होता. आणि ओरडल्यावर "तेव्हा बरं वाटलं का?" असं कुणी विचारायला नको होतं. हे वाक्य तिच्या बहिणीला ऐकवलेलं आहे. या वाक्यावर आमच्या जिन्यातल्या सगळ्याच बायका खाली बघायला लागल्या. दवाखान्याची नावं वेगवेगळी होती, वाक्य तेच.

तर हे आहे खरं लफडं! कोमट पाणी, बंद दार आणि सोबत एक बाई, एवढं मिळवायला पोरीला सिनेमातल्या बाईचं खूळ डोक्यावर घ्यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होताना दिसतात. छानच. याच पाहणीत राज्यात सिझरचं प्रमाण २५.४ टक्के, आधीच्या फेरीत ते २०.१ होतं. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ४७.४, म्हणजे जवळजवळ छापा-काटा. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये दवाखान्यांनी आपापला सिझरचा आकडा जाहीर करावा म्हणून मागणी लावून धरली, तेव्हा लाखांनी सह्या झाल्या. लाखभर लोक उगाच सही करत नाहीत, सोसायटीच्या मीटिंगला तर वीससुद्धा करत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफ तयार करायची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. नर्सला दीड वर्षाचं शिक्षण द्यायचं आणि साधी बाळंतपणं तिच्या हाती द्यायची. कागदावर सुईण परत आली. कुर्ल्यात यायला तिला सिग्नल लागलाय.

आणि बायांनो, लाज कशाची वाटायला हवी याचाही जरा हिशेब ठेवा. १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा चांगल्या घरची बाई बाळंतपणाला दवाखान्यात जाणं हीच चावट गोष्ट होती. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाचा विषय काय, तर हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! वीस वर्षांच्या मुलीने परदेशात जाऊन त्या विषयावर लिहिलं. तेव्हाच्या जिन्यांमध्ये काय काय बोललं गेलं असेल, याची मला नीट कल्पना येते. मी याच जिन्यात राहते.

शेवटी वाटाघाटी झाल्या. दवाखाना जवळचा, ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर, बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येणारा नव्हे, असलेला. मूल कुठे जन्मेल ते डॉक्टर आयत्या वेळी ठरवणार. पाण्यात बसायला मिळालं तर उत्तम, नाही तर गरम पाण्याचा शॉवर आणि कमरेला शेक. आजींनी कमरेला शेक ऐकून विजयी मुद्रेने जाऊबाईंकडे पाहिलं. भाचीला हे चाललं. काकूंनाही चाललं. जाऊबाईंनी बाळंतशोपा पाठवायचं कबूल केलं, टबात घालायला नव्हे, प्यायला.

सगळं मिटतंय असं वाटत असतानाच भाची सहज बोलून गेली की नवराही आत उतरू शकतो. टबात. तिच्या मागे बसून तिला धरून.

जिन्यात पिन पडली असती तर ऐकू आली असती. डॉल्फिन पचले होते, लेजिओनेला पचला होता, वारसुद्धा पचली होती. जावई मात्र कुणाला पचेना. "आमच्या वेळी हे पेढे आणायला गेले ते दुसऱ्या दिवशी आले," जाऊबाई पुटपुटल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णा घसा खाकरून म्हणाले, की पाण्याचा हिशेब परत करावा लागेल, जावई नव्वद किलोचा आहे, तेवढं पाणी बाहेर सांडणार.

"पण घालणार काय तो आत?" आजींनी विचारलं.

भाची म्हणाली, पोहण्याची चड्डी. तर आजी म्हणाल्या, मग उद्याच स्टेशनबाहेरून घेऊन टाका, दीडशेला दोन मिळतात, आणि रंग गडद बघा.